हात लागायच्या आधी

वसुबारस ते भाऊबीज या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही मोठ्या दुकानात एक काम अखंड चालू असतं. छातीवर कंपनीचं नाव मिरवणारा टी-शर्ट घातलेला एक मुलगा हातात मऊ फडकं घेऊन मांडलेल्या मालाभोवती फिरत असतो. गिऱ्हाइकाने फोन उचलला, उलटसुलट केला, ठेवला, की फडकं. टीव्हीच्या खालच्या काळ्या पट्टीवर पोराने पंजा टेकवला, की फडकं. छतातले एलईडी दिवे नेमके त्या मांडणीवर रोखलेले असतात आणि त्यांच्या उजेडात चकचकीत प्लास्टिक असं काही खुलतं की किंमत विचारायच्या आधीच हात पुढे होतो. घरी गेल्यावर मात्र ना तसे दिवे, ना फडकं मारणारा मुलगा.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘स्पर्श’ हा विषय दिला, तेव्हा रेशीम, माती, आजीचा सुरकुतलेला हात अशा मळलेल्या वाटा लगेच समोर आल्या. पण दिवसभरात माणसाचा हात सर्वांत जास्त वेळा कशाला लागतो, याचा प्रामाणिक हिशेब मांडला तर यादीत वरती प्लास्टिक येतं. फोनची पाठ, टीव्हीचा रिमोट, माउस, मिक्सरचं बटण, वॉशिंग मशिनचा पॅनल, गाडीतल्या गिअरभोवतीची चौकट. त्यातही चकचकीत प्लास्टिकची गंमत वेगळीच. ते घडवलं जातं डोळ्यांसाठी, विकलंही जातं डोळ्यांच्या जोरावर, आणि पुढची दोन-चार वर्षं त्याच्याशी संसार करावा लागतो हाताला. दोघांचं जमत नाही ते का, याची उत्तरं कारखान्यातही आहेत आणि बोटांच्या कातडीतही.

पोलादाला आरसा करताना

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगची शेड शोधावी लागत नाही. गोणीतला दाणा वाळवून हॉपरमध्ये ओतला जातो, तापलेल्या बॅरलमधला स्क्रू तो वितळवत पुढे ढकलतो आणि प्रचंड दाबाने साच्यात भरतो. एबीएस नावाचं जे प्लास्टिक घरगुती उपकरणांत सर्रास दिसतं, ते साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला साच्यात शिरतं. काही सेकंदांत ते गोठतं, साचा उघडतो, पिना वस्तूला बाहेर ढकलतात.

या सगळ्यात चकाकी येते कुठून? तर साच्याच्या पोलादातून. वितळलेलं प्लास्टिक पोलादाच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल उचलतं. पोलाद खरखरीत तर वस्तू मॅट, पोलाद आरशासारखं तर वस्तू चकचकीत. म्हणून चकचकीत टीव्हीची खरी मेहनत टीव्हीच्या कारखान्यात होतच नाही. ती टूलरूममध्ये, डाय पॉलिश करणाऱ्या कारागिराच्या टेबलावर होते.

हे काम बघण्यासारखं असतं. आधी घासायचे दगड, मग बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, शेवटी हिऱ्याची भुकटी मिसळलेली पेस्ट. प्रत्येक टप्प्याला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या टप्प्याचे चरे उरले असतील तर आडवे दिसतात. पुढच्या पेस्टला हात घालण्याआधी साचा, हत्यारं, स्वतःचे हात, सगळं स्वच्छ धुवायचं. जाड पेस्टचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात घुसला तरी तो एक लांब रेघ ओढून जातो आणि काम चार पावलं मागे येतं. घाई करून जास्त जोर लावला तर पोलादाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार होते. धंद्यातही तिला ‘ऑरेंज पील’च म्हणतात. पोलादही साधं चालत नाही. त्यात अशुद्ध कण असतील तर पॉलिश करता करता ते उखडतात आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे उरतात. साच्याच्या पृष्ठभागाच्या प्रतवारीत सर्वांत वरची पायरी ‘ए-१’ ही, आणि ती हिऱ्याशिवाय गाठता येत नाही.

एवढं करून साचा मशिनवर चढला की खरी परीक्षा. आरशासारखा पृष्ठभाग काहीच लपवत नाही. आतल्या बाजूला स्क्रूसाठी जाड ठोंबा असेल तर बाहेर तिथे हलकासा खळगा पडतो. एखाद्या भोकाला वळसा घालून प्लास्टिकचे दोन प्रवाह पलीकडे भेटतात, तिथे केसासारखी रेघ उमटते. मॅट पृष्ठभागावर ही पापं झाकली जातात. चकचकीत काळ्यावर ती लांबूनही दिसतात. ती टाळण्यासाठी मोठ्या कारखान्यांनी साचा दर वेळी वाफेने तापवायचा आणि प्लास्टिक भरल्यावर पाण्याने थंड करायचा, अशी पद्धत आणली. साचा गरम असला की भेटणारे प्रवाह गोठण्याआधी एकजीव होतात आणि रेघ नाहीशी होते. टीव्हीच्या चौकटी रंग न देता साच्यातून थेट झळाळत बाहेर येऊ लागल्या त्या अशा युक्तीने.

बाहेर आलेल्या नगाला मग उघडा हात लावायचा नाही. हातमोजे, व्हॅक्यूमचे कप असलेला यांत्रिक हात, आणि लगोलग वर पारदर्शक फिल्म. ज्या वस्तूला जन्मापासून कुणी हात लावू नये म्हणून इतका आटापिटा केला जातो, ती वस्तू हातात धरण्यासाठी असते, ही विसंगती त्या शेडमध्ये उभं राहिल्यावर चांगलीच जाणवते.

न्यायाने हेही सांगायला हवं की मॅटचे लाडही कमी नसतात. पोलादावर कोरलेल्या खरखरीत पोतात प्लास्टिक अडकतं, म्हणून साच्याच्या भिंतींना जास्त ढाळ द्यावा लागतो. पोताच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे साधारण एक ते दीड अंश जास्त. नाहीतर नग निघताना स्वतःलाच खरडून घेतो.

पियानोचा काळा

चकाकत्या काळ्या प्लास्टिकशी मराठी घराची ओळख जुनी आहे. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेलं बॅकलाइट वाड्यांतल्या आणि चाळींतल्या गोल काळ्या स्विचांतून घरात आलं आणि कुकरच्या मुठीत अजून टिकून आहे. नव्या कुकरची मूठ लकाकते, आणि काही वर्षांच्या घासणीनंतर ती भुरकट पडते. बॅकलाइटमध्ये भरीला लाकडाचा भुगा वगैरे घातलेला असतो. वरचा राळेचा पातळ थर घासून गेला की ही भर उघडी पडते. मूठ मात्र पकडायला तेव्हाच जास्त चांगली लागते, हे भांडी घासणारं कुणीही सांगेल.

आजच्या चकाकीचं घराणं मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. २००१ चा पांढरा आयपॉड, २००४ ची सोनीची पीएसपी, आणि मग २००६. त्या वर्षी सॅमसंगने ‘बोर्दो’ नावाचा टीव्ही आणला. वाइनच्या ग्लासवरून सुचलेला आकार आणि चकचकीत काळी चौकट. त्याच वर्षी सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं, तेही पियानोसारखं काळं. पुढे सेट-टॉप बॉक्स, राउटर, लॅपटॉपची झाकणं, होम थिएटर, सगळ्यांनाच हा काळा लागला.

याला कारण होतं. मागे ढेरी असलेला जुना टीव्ही म्हणजे एक खोकं होतं. भिंतीवर टांगलेला सपाट टीव्ही ही एकदम शोभेची वस्तू झाली. बंद असताना तो कसा दिसतो हा प्रश्न पहिल्यांदाच महत्त्वाचा ठरला. काळा रंग चकचकीत असला की जास्त काळा दिसतो, हे शाळेत पाटी वापरलेल्यांना माहीत आहे: कोरडी पाटी राखाडी, ओलं फडकं फिरवलं की गडद. खरखरीत पृष्ठभाग वरून पडलेला उजेड सगळ्या दिशांना उधळतो, त्यातला काही डोळ्यांत येतो आणि काळ्यात पांढुरका धूर मिसळतो. गुळगुळीत पृष्ठभाग तोच उजेड एका दिशेने परत पाठवतो. तुम्ही त्या दिशेला नसलात तर तुम्हाला निव्वळ काळं दिसतं. आणि त्या दिशेला असलात तर खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते, स्वतःचं तोंड दिसतं.

मग धूळ. प्लास्टिक विजेचं दुर्वाहक असल्यामुळे घर्षणाने आलेला स्थिरविद्युतभार त्यावर बसून राहतो आणि धुळीला ओढून घेतो. कोरड्या फडक्याने पुसलं की भार वाढतो, धूळ पुन्हा येते. ही धूळ गरीब नसते. तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ प्लास्टिकपेक्षाच नव्हे, साध्या काचेपेक्षाही कठीण. फडकं त्या कणांना दाबून फिरवतं. म्हणजे टीव्ही स्वच्छ ठेवणाऱ्या घरात त्यावर गोल गोल चरे जास्त पडतात, आणि आळशी घरात तो नुसता धुळकट राहतो.

कंपन्यांना हे कळायला फार वेळ लागला असं नाही. सप्टेंबर २००५ मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉड नॅनोच्या चकचकीत दर्शनी भागावर खिशातल्या खिशात चरे पडतात, म्हणून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि पुढे कंपनीला तडजोड करावी लागली. पुढच्याच वर्षीचा नॅनो ॲल्युमिनियमच्या कवचात आला. प्लेस्टेशन ३ चं २००९ मधलं सडपातळ रूप मॅट झालं. सोनीने तेव्हा किंमतही उतरवली होती, त्यामुळे पुष्कळांनी त्या मॅट फिनिशला काटकसर समजलं. धूळ पुसून कंटाळलेल्यांनी तसं समजलं नसावं.

बोट काय चाचपतं

स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अतिसूक्ष्म सुरकुत्या पाडलेले पृष्ठभाग माणसांना न पाहता बोटाने चाचपायला दिले. सुरकुतीची उंची अवघी १३ नॅनोमीटर असली तरी ती सपाट पृष्ठभागापेक्षा वेगळी लागते, असं दिसून आलं. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून बोटाची पोहोच ध्यानात यावी. मात्र अट एक: बोट फिरलं पाहिजे. डेव्हिड कॅट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच मांडलं होतं की बारीक पोत आपल्याला कळतो तो बोट फिरताना उठणाऱ्या कंपनांमुळे. ठेवलेलं बोट जाडाभरडा फरक ओळखतं. बारीकसारीक ओळखायला ते सरकावं लागतं.

आरशासारख्या पॉलिश केलेल्या प्लास्टिकवर बोट सरकवलं की या कंपनांना फारसं निमित्तच उरत नाही. मग बोटाला जे जाणवतं ते पृष्ठभागाबद्दल कमी आणि स्वतःच्या घामाबद्दल जास्त. तळहाताला आणि बोटांच्या पेरांना तैलग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र दाटीवाटीने असतात. फोनवर उमटणारे तेलकट ठसे बोटांनी गाल, केस आणि बटाटेवडा यांच्याकडून उसने आणलेले असतात.

घामाने कातडी मऊ होते आणि गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी लगटून बसते. स्पर्शाचं खरं क्षेत्रफळ वाढतं, घर्षणही वाढतं. बोट सरकत नाही. अडतं, सुटतं, पुन्हा अडतं. त्या अडत सरकण्याचा कुरकुर आवाजही येतो. उलट बोट कोरडं ठक्क असेल तर त्याच पृष्ठभागावरून ते निसटतं. मे महिन्यात दादरला हाताला चिकटणारा फोन डिसेंबरच्या पहाटे नाशकात हातातून सटकतो, तो यामुळे. मॅट पृष्ठभागावर बोट फक्त उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतं, मधल्या फटींत घामाला जागा मिळते, आणि पकड ऋतुमानाप्रमाणे कमी बदलते.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि चकचकीत प्लास्टिकची सर्वांत मोठी फजिती इथे होते. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेतं ते प्लास्टिकच्या सुमारे हजारपट. काचही प्लास्टिकपेक्षा कित्येक पटींनी पुढे. म्हणून एकाच खोलीत, एकाच तापमानाला ठेवलेली धातूची वस्तू हाताला गार लागते आणि प्लास्टिकची कोमट. चकचकीत काळी पाठ डोळ्यांना काचेची, लाखेची, घडीव दगडाची वाटते. हात त्या गारव्याच्या तयारीने जातो आणि त्याला लागतं कोमट, हलकं, टिचकी मारली तर पोकळ वाजणारं काहीतरी. वस्तू मजबूत असते, चांगली चालते, पण ‘भारी’ वाटत नाही. मॅट प्लास्टिक असला भलता दावा करत नाही, म्हणून त्याच्यावर असला रागही निघत नाही.

एका झाकणापायी

सॅमसंगचा गॅलेक्सी एस थ्री ३ मे २०१२ रोजी लंडनमध्ये दाखवला गेला. गुळगुळीत गोटा आणि पाणी यांवरून सुचलेला आकार, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची काया आणि वर लकाकता थर, ज्याला कंपनी ‘हायपरग्लेझ’ म्हणत असे. जाडी ८.६ मिलिमीटर, वजन १३३ ग्रॅम. पाच महिन्यांत तीन कोटी फोन गेले. व्यवहाराच्या नजरेने पाहिलं तर ते झाकण गुणाचं होतं: रेडिओलहरींना अडवत नव्हतं, पडलं तर पोचा पडत नव्हता, आणि नखाने उचकटून २१०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन मिनिटांत बदलता येत होती.

आणि तरीही ‘स्वस्त प्लास्टिक’ हा शेरा त्या फोनला चिकटला तो चिकटलाच. त्यात त्या झाकणाचाच वाटा मोठा. नखाने उचकटलं की ते पापुद्र्यासारखं वाकायचं. वरून गोट्याचा तुकतुकीतपणा आणि काढल्यावर हातात ही लवचिक पाती, हा विरोधाभास कुणाच्याही लक्षात यायचा. चार महिन्यांनी ११२ ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा आयफोन ५ आला. तो हलका असूनही कुणी त्याला पोकळ म्हटलं नाही.

पुढची तीन वर्षं सॅमसंगने या एका तक्रारीवर जे उपाय केले ते मोठे मनोरंजक आहेत. २०१३ च्या नोट थ्रीला चामड्याचा आव आणणारी प्लास्टिकची पाठ, कडेला चक्क शिलाईचे टाके. तेही साच्यातच पाडलेले. २०१४ च्या एस फाइव्हला खळग्या-खळग्यांची मऊसर पाठ, जिची लोकांनी जखमेवरच्या पट्टीशी तुलना केली. शेवटी २०१५ मध्ये एस सिक्सला काच आणि धातू आले. त्याबरोबर बदलता येणारी बॅटरी गेली.

गोष्ट इथे संपली असती तर ‘प्लास्टिक हरलं’ असं म्हणता आलं असतं. पण जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीचा एस ट्वेंटीवन आला, भारतात ६९,९९९ रुपयांपासून, आणि त्याची पाठ पुन्हा पॉलिकार्बोनेटची होती. फक्त या वेळी मॅट. कुरकुर झाली, पण एस थ्रीच्या वेळचा शिमगा झाला नाही. पदार्थ तोच, कंपनी तीच. रोष होता तो चकाकीवर होता, निदान बराचसा.

नोकियाला हे आधीच उमजलेलं होतं. २००३ चा नोकिया ११०० हा फोन भारतासारखे देश डोळ्यांसमोर ठेवून केला होता. कडांना रबरी, खाचदार पकड, धूळ आत जाऊ न देणारा की-पॅड आणि डोक्यावर टॉर्च. घामेजल्या हाताचा असा विचार करणाऱ्या त्या फोनचे २५ कोटींहून जास्त नग जगभर खपले. पुढे २०११ च्या एन नाइन आणि लुमिया ८०० मध्ये त्याच कंपनीने पॉलिकार्बोनेटचा रंग आरपार मुरवला, म्हणजे ओरखडा पडला तरी खाली तोच निळा किंवा तोच गुलाबी. प्लास्टिकने प्लास्टिकसारखं दिसावं, इतकी साधी कल्पना.

चकचकीत प्लास्टिक नीट जमलेलं पाहायचं असेल तर २०१३ चा आयफोन ५सी. जाडजूड, सलग पॉलिकार्बोनेटचं कवच, आत पोलादी चौकट, वर कठीण लेप. दाबलं तर दबत नसे, कुरकुरत नसे. कंपनीचे डिझाइनप्रमुख जोनाथन आयव्ह यांनी त्याची ओळख करून देताना, हे प्लास्टिकच आहे आणि त्याचा आम्हाला संकोच नाही, अशा अर्थाची भाषा वापरली होती. फोन बाजारात फारसा गाजला नाही हा भाग वेगळा. हाताला तो चांगला लागत असे.

तपकीर गल्लीचा तोडगा

या सगळ्या वादावर आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने केव्हाच तोडगा काढलेला आहे. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचं मनीष मार्केट इथल्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत भिंतीभर कव्हरं टांगलेली असतात, आणि नवा फोन पुष्कळदा खोक्यातून निघून थेट त्या काउंटरवर येतो. तिथला पोऱ्या आधी ओल्या पुसणीने पाठ पुसतो, मग कोरड्या. उजेडात तिरपी धरून उरलेला कण हेरतो, निळ्या चिकटपट्टीने तो टिपतो. मग फिल्म एका कडेने टेकवत, मागून प्लास्टिकचं कार्ड ओढत, हवा पुढे ढकलत नेतो. बुडबुडा राहिला तर पुन्हा उचल. मशिनवर मॉडेलचा नंबर टाकला की कार्बन फायबर, चामडं किंवा लाकडाच्या पोताची फिल्म नेमक्या मापाची कापून मिळते. हजारो रुपयांच्या तुकतुकीत पाठीवर शंभर-दोनशे रुपयांचा खरखरीतपणा चढतो, आणि फोन पहिल्यांदा हातात नीट बसतो.

टीव्हीच्या रिमोटला पारदर्शक पिशवी, फ्रिजच्या हँडलला कापडी झबलं, मायक्रोवेव्हच्या पॅनलवर कारखान्यातली फिल्म तशीच. तिच्या कडा वळून काळ्या झाल्या तरी ती निघत नाही. शहरी विनोदवीरांना ही आवड चेष्टेची वाटते. पण निर्मात्याने नाजूक कातडी दिली आहे हे ओळखून वरून बदलता येणारी कातडी चढवणं, यात खुळेपणा कुठे आहे? रिमोटची पिशवी फाटली तर दहा-वीस रुपयांत नवी येते. हळदीच्या बोटांच्या घरात तर ती यायलाच हवी.

मॅटचीही रड

मॅटला डोक्यावर बसवण्याआधी जरा थांबलेलं बरं. हाताला मखमली लागणारा जो ‘सॉफ्ट-टच’ प्रकार मधल्या काळात बोकाळला, तो बहुतेक वेळा साध्या प्लास्टिकवर मारलेला पॉलियुरेथेनचा रंग असतो. दमट हवेतलं पाणी त्यातले रासायनिक बंध हळूहळू तोडतं. काही वर्षांनी दुर्बीण, माउस, हेअर ड्रायर, जुन्या लॅपटॉपचं झाकण असं काहीही कपाटातून काढावं तर ते गुळासारखं चिकट झालेलं असतं. वापरलं नाही म्हणून वाचलं असंही नाही. नुसतं ठेवूनही ते बिघडतं. मुंबई-रत्नागिरीच्या हवेत तर त्याला फार आमंत्रण लागत नाही. लोक टाल्कम पावडर चोळतात, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळा थर खरवडून काढतात. खाली पुष्कळदा काय निघतं? साधं, गुळगुळीत, चकचकीत एबीएस.

आणि जे मॅट टिकतं ते वापराने चकचकीत होतं. सेतू केंद्रातला किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासमधला जुना कीबोर्ड तिरप्या उजेडात पाहावा. एबीएसच्या बटणांवरचा बारीक पोत बोटांनी घासून सपाट झालेला असतो. स्पेसबारवर अंगठा जिथे पडतो तिथे नेमका एक लकाकता डाग, एंटरवर दुसरा, आणि क्वचित लागणाऱ्या बटणांवर मूळ खरखरीतपणा जसाच्या तसा. पीबीटी नावाच्या प्लास्टिकची बटणं याला जास्त काळ दाद देत नाहीत, म्हणून शौकीन लोक त्यांना जास्त पैसे मोजतात. म्हणजे एकाच गुळगुळीतपणाला नव्या फोनवर ‘प्रीमियम’ म्हणायचं आणि जुन्या कीबोर्डवर ‘झिजलेला’.

गाड्यांमध्ये मात्र अजून उलटी गंगा वाहते आहे. फोनवाल्यांनी टाकलेला पियानो ब्लॅक गाडीवाल्यांनी उचलला आणि नेमका गिअरच्या आजूबाजूला, एसीच्या बटणांभोवती बसवला, जिथे हात सारखा जातो. वरून ऊन, आतून धूळ. गाड्यांची परीक्षणं करणारे या तक्रारीवर वर्षानुवर्षं शाई खर्च करत आले आहेत.

काचेसारखं

स्वस्त फोनांच्या पाठीवर सध्या जे झळाळतं ते जुन्या एस थ्रीपेक्षा पुष्कळ कसबी काम आहे. बाहेर ॲक्रिलिक आणि आत पॉलिकार्बोनेट अशी दोन थरांची पातळ पत्री. पहिलं कठीण पण ठिसूळ, दुसरं चिवट पण लगेच चरे घेणारं. जोडून दोघांचे गुण घेतलेले. पत्रीच्या आतल्या बाजूला रंगाची छटा, सूक्ष्म रेघांचा पोत आणि व्हॅक्यूममध्ये चढवलेला धातूसदृश मुलामा, मग उष्णता आणि दाबाने कडांना वळण, आणि वरून अतिनील किरणांनी पक्का केलेला लेप. फोन हलवला की निळ्याचा जांभळा होतो, मधूनच विजेसारखी रेघ सळसळते. २०१८ नंतर हे रंगखेळ मध्यम आणि कमी किमतीच्या फोनांवर धो धो आले. दुकानातल्या दिव्यांखाली खरी काच कोणती आणि ही कोणती, हे नुसतं पाहून सांगणं सराईतालाही जड जातं. हाताला अजूनही लगेच कळतं: ही पाठ गार लागत नाही.

पुष्कळ कंपन्या याच फोनांच्या खोक्यात एक पारदर्शक मऊ कव्हर फुकट घालतात. ते मऊ प्लास्टिक उन्हाने आणि वापराने काही महिन्यांत पिवळं पडतं, आणि त्या पिवळ्या पडद्याआड जांभळी वीज दिसेनाशी होते. तरी कव्हर निघत नाही. ते निघतं एकदम दोन-तीन दिवाळ्यांनी, एक्स्चेंजच्या काउंटरवर, जेव्हा समोरचा माणूस फोनवर चरे आहेत का ते पाहायला मागतो. कव्हर उतरतं, कडेला साचलेली धूळ फुंकली जाते आणि आतून नवीकोरी पाठ बाहेर येते. तिच्यावर एकही ओरखडा नसतो. जुन्या फोनची किंमत त्यामुळे थोडी वर चढते, आणि गिऱ्हाईक ती रक्कम वजा करून शेजारच्या शेल्फवरचा, नुकताच फडकं मारलेला नवा फोन मागतं.